कोल्ह्याचं तोंड, सात विहिरी

कोल्हे ओरडायला लागले की आमच्या कॉलनीतली माणसं आधी दारं लावून घेतात आणि मग मोबाइल घेऊन गच्चीवर जातात. भीती वाटते हे खरं, पण ती वाटलेली भीती पुण्या-मुंबईच्या लेकरांना पाठवायचीही असते. "ऐक, ऐक, जंगलात राहायलाव आमी," असं एकानं माझ्या देखत फोनवर सांगितलं. कसलं जंगल? पुढं वेड्या बाभळीचं दहा एकर पडीक, मागं डांबरी रस्ता, आणि मधी आमची सिमेंटची घरं.

परभणीच्या बाहेर, जिंतूर रस्त्याला, जिथं पूर्वी ज्वारी आणि कापूस व्हायचा तिथं आमची प्लॉटिंग झाली. मी सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं सिस्टर होते. आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. दोघंही निवृत्त झालो आणि इथं घर बांधून आलो. कॉलनीत मला सिस्टर म्हणतात, यांना सर. या सरांचा जीव मागच्या हिवाळ्यात एका कोल्ह्याच्या पायी जाता जाता राहिला. लोक अजून त्याची गंमत सांगतात, मला मात्र गंमत वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

कोल्हे मला नवीन नव्हते. माझं माहेर वालूरकडचं. तिथं तिन्हीसांजेला एक कोल्हा गळा काढायचा, लांब, वर चढत जाणारा, मग दुसरा त्याच्यात मिसळायचा, आणि मग सगळं रान कुईकुई करायला लागायचं. दोन-तीन मिनिटांत सगळं गप. आई म्हणायची, "चला, तवा ठेवा." कोल्हेकुईचं आमच्या घरी एवढंच काम होतं. त्याला कुणी घाबरलं नाही की त्याचं कौतुकही केलं नाही.

इथं मात्र शिकलेली माणसं होती. शिकलेली म्हणजे किती, तर पहिल्याच वर्षी त्यांनी कोल्ह्यांचा बिबट्या केला. कुठला तरी व्हिडिओ आला, त्यात बिबट्या भिंतीवरून उडी मारतो. भिंत आमची नव्हती, गाव आमचं नव्हतं, पण चार दिवस कुणी फिरायला गेलं नाही. मग वनखात्याची माणसं आली, त्यांनी चिखलातले पाय बघितले आणि सांगितलं, हे दोन कुत्र्यांचे आणि हे एका कोल्ह्याचे. लोकांची तोंडं अशी उतरली, जसं काही पोरगं नापास झालं. बिबट्या असता तर पेपरात नाव आलं असतं. कोल्ह्याला कोण विचारतं?

मग संध्याकाळच्या आरतीचं सुरू झालं. मारुतीच्या देवळात आरतीच्या आधी शंख वाजवतात. शंख वाजला की पलीकडच्या बाभळीतून कोल्हे ओरडायचे. शंखाला ओरडतात, तसे रुग्णवाहिकेच्या भोंग्यालाही ओरडतात, लांबलचक आवाज ऐकला की त्यांना आपला कुणी बोलावतोय असं वाटतं. पण हे कोण ऐकणार? "मुक्या जनावराला भक्ती कळते, माणसाला कळत न्हाई," असं एक बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. मी आरतीला जात नाही, म्हणून तो टोमणा. मी म्हटलं, "उद्या रुग्णवाहिकेचीही आरती करा." त्यानंतर दोन महिने त्यांनी माझ्याकडं हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं नाही. माझं काही अडलं नाही.

या सगळ्यावर कळस चढवला आमच्या शेजाऱ्यानं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची अर्धी नोकरी बिदरकडं गेली. तिकडं म्हणे सकाळी उठून कोल्ह्याचं तोंड बघितलं की दिवस सोन्याचा जातो. हे त्यांनी एकदा कट्ट्यावर सांगितलं आणि संपलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला कुंपणापाशी माणसं उभी. स्वेटर, मफलर, थर्मासात चहा. कुणाचा प्लॉट विकत नव्हता, कुणाच्या मुलीचं जमत नव्हतं, एकाची लघवीची तक्रार होती. सगळे कोल्ह्याच्या तोंडासाठी! कोल्हे कसले येतात? त्यांना माणसाचा वास आला की ते शेपूट दाखवून बाभळीत. रोज शेपूटच बघून ही माणसं घरी यायची आणि म्हणायची, "आज अर्धं दर्शन झालं."

मग कोल्ह्यांना आमिष सुरू झालं. पोळी, शिळी भाजी, दिवाळीची उरलेली करंजी. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण एका बाईनं इतकी मनावर घेतली, की ती रोज काकडी चिरून, मीठ लावून कुंपणाच्या खांबावर ठेवायची. मीठ! कोल्ह्याला! काकडी गाईनं खाल्ली, करंज्या मोकाट कुत्र्यांनी खाल्ल्या, आणि कुत्री पाचाची पंधरा झाली. पस्तीस वर्षं मी कुत्रं चावलेल्यांना सुया टोचल्या. पूर्वी पोटात चौदा असायच्या, ती माणसं ओरडायची ते अजून कानात आहे. मी त्यांना सांगायचे, अहो, ही कुत्री वाढवू नका. तर म्हणायचे, "सिस्टर, तुमाला सगळीकडं सुयाच दिसतात."

आमचे हेही सकाळी तिकडं जायचे. दर्शनाला नव्हे, "निरीक्षणाला". हा त्यांचा शब्द. कोल्हा जोडीनं राहतो, कोल्हा उंदीर खातो, शेतकऱ्याचा मित्र आहे, असं ते तिथं लोकांना सांगायचे. बत्तीस वर्षं पोरांना सांगायची सवय, आता पोरं नाहीत, मग ही मफलरवाली. मी घरी म्हणायचे, "उंटावरचे शहाणे, जरा दूध तापवायला ठेवा." ते हसायचे आणि दूध ठेवायचे. उतूही घालवायचे.

पौषातली गोष्ट. सकाळचे नऊ वाजून गेले होते, उन्हं चांगली वर आलेली. मी अंगणात डाळ वाळत घालत होते, तर रस्त्यावर गलका. बघते तर कोल्हा! बाभळीतला नव्हे, आमच्या सिमेंटच्या रस्त्याच्या मधोमध, एकटा, सरळ चालत यायलेला. मागचे पाय जरा लटपटत होते. तोंड उघडं, खालचा जबडा लोंबलेला, लाळ गळत होती. आजूबाजूला माणसं, तरी त्याला भीती नाही. अशा वेळी माझ्या आईनं आम्हाला ओढत घरात नेलं असतं. पण आमची कॉलनी काय म्हणाली? "किती माणसाळलाय बघा!" एक म्हणाला, "हसायलाय तो." बँकवाले तर हात जोडून उभे. पूर्ण दर्शन!

मी डाळ तशीच टाकून धावले. ओरडले, "लांब व्हा! पिसाळलाय तो! भर उन्हात रस्त्यावर येणारा कोल्हा शहाणा नसतो!" दोघं-तिघं मागं सरले. आणि तेवढ्यात मला दिसलं, आमचे हे सगळ्यांच्या पुढं, हातात पोळी घेऊन, गुडघ्यावर बसायलेत.

मला काय झालं सांगू? अंगाचा भडका उडाला. मी तिथंच, सगळ्यांच्या समोर, काय तोंडाला येईल ते बोलले. "बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणे! यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची कीव येते मला. साधी गॅसची शेगडी पेटवता येत नाही आणि चालले कोल्ह्याला घास भरवायला. उठा, बावळट माणूस!" लोक हसले. सगळे हसले. हेही जरा हसले, उठले, आणि ती पोळी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. कोल्हा नाल्याकडं निघून गेला. मला वाटलं, बरं झालं, चारचौघांत बोलले, आता तरी अक्कल येईल.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले होते. भाजी महाग, रिक्षावाला उर्मट, त्यामुळं मी तापूनच घरी आले. तर यांनी उजव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला. "काय झालं?" "कुंपणाची तार लागली." झालं! मी पुन्हा सुरू. "तार ओढायला कुणी सांगितलं होतं? या वयात? कधी सरळ बसायचं ठरवलंय का नाही?" बोलत बोलतच नळाखाली हात धरला, कपड्याचा साबण घेतला आणि रागारागानं घासला. चष्मा आत राहिला होता, तो आणायलाही मी गेले नाही. पट्टी बांधली. पस्तीस वर्षांची सिस्टर, आणि जखम बघितली नाही. नुसतं बोलत राहिले.

त्यानंतर तीन दिवसांनी कोल्हा मेला. आमच्या कुंपणाला लागून एका धनगर कुटुंबाची दोन एकर जमीन आहे, पन्नासेक मेंढरं, एक विहीर. कोल्हा त्यांच्या मेंढरांत घुसला, एका मेंढीला आणि त्यांच्या कुत्र्याला चावला, आणि सोडवायला गेलेल्या घरच्या माणसाच्या पोटरीलाही दात लागला. त्यांनी काठ्यांनी त्याला मारला. जनावरांचे डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, पिसाळलेलाच आहे. चुना टाकून खोल पुरला. हे सगळं मला दूध घालायला येणाऱ्या बाईनं सांगितलं. हातातलं पातेलं मी तिथंच ठेवलं.

याच्यात काय असतं हे ज्यानं बघितलं नाही त्यानं बोलू नये. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडं एक सालगडी आणला होता. कुत्रं चावून दोन महिने झाले होते, सुई घेतली नव्हती. त्याला तहान लागली होती आणि पाण्याचा पेला जवळ आणला की त्याचा गळा आवळायचा. शुद्धीवर होता. हात जोडून म्हणत होता, सिस्टर, पाणी द्या, आणि दिलं की पेला उडवून देत होता. तिसऱ्या दिवशी गेला. एकदा ते सुरू झालं की त्याच्यावर औषध नाही, आजही नाही. त्याच्या आधी सुया घेतल्या तर माणूस वाचतो. मधली जागा नाही.

म्हणून मी दारोदार गेले. एकेका घरी विचारलं, "कुणाला लाळ लागली? ओरखडा? दात? लाजू नका, सांगा." सगळ्यांनी कानावर हात ठेवले. काकडीवाल्या बाई म्हणाल्या, "आम्ही तर त्याला कधी बगितलंच नाही." आदल्या आठवड्यात हिनंच त्याच्यासोबत फोटो काढायचा म्हणून साडी बदलली होती! बँकवाल्यांना विचारलं तर ते पंख्याकडं बघायला लागले. "नाही, नाही. आम्ही तर लांबून." घरी यांना विचारलं. "मी कशाला जातोय त्याच्याजवळ," म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला. मी विश्वास ठेवला. चारचौघांत एवढं बोलले होते, मग कशाला जातील?

मग राहिले धनगर. खरं सांगते, माझा सगळा संशय त्यांच्यावर होता. चावलंय हे तर कळलंच होतं, पण ही माणसं दवाखान्यात जायची नाहीत, सात विहिरी करायची, असं मी धरूनच चालले होते. आमच्याकडं जुनी चाल आहे. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं. पाण्यात आपलं तोंड दिसलं की विष उतरलं, कुत्र्याचं दिसलं तर आशा सोडायची. या सात विहिरींनी किती माणसं घालवली ते मला माहीत आहे. म्हणून मी तरातरा त्यांच्या वस्तीवर गेले आणि त्या घरच्या बाईला, बस म्हणायच्या आधीच, झाडायला सुरुवात केली. "हे बघा, तुमच्या मालकाला उद्याच्या उद्या दवाखान्यात न्यायचं. विहिरी-बिहिरी करत बसलात तर माणूस हातचा जाईल. अडाणीपणा पुरे झाला आता."

ती मेंढरांना पाला टाकत होती. तिनं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली दवाखान्याची चार कार्डं घेऊन आली. ज्या दिवशी चावला त्याच दिवशी संध्याकाळी सगळे जाऊन आले होते. पोटरीवाल्याला अंगठ्याएवढी मोठी सुई, बाकी घरच्यांनाही सुया, कारण मेंढी सोडवताना लाळ लागली असंल. तारखा लिहिलेल्या. मेंढीची आणि कुत्र्याचीही सोय डॉक्टरांना विचारून केलेली.

"आमाला कळतंय बाई," ती म्हणाली. "आमी कशाला विहिरी करताव? आमची हीर तर आमी रोजच बगताव." आणि मग कार्डं पिशवीत ठेवत म्हणाली, "पर तुमचं सर आलते की परवा. ते बँकंवालं बी संगं व्हते. दोगं बी कट्ट्यावर हात टेकून हिरीत वाकून बगायलते. मला वाटलं, काय पडलं का काय आत. इचारलं तर काईच बोलले न्हाईत, निगून गेले. कुणाला काय चावलंय का बाई?"

अगं माय! मी तिथंच त्यांच्या बाजेवर बसले. तिनं पाणी आणलं. मी प्याले की नाही ते आठवत नाही.

घरी आले. हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी आत जाऊन चष्मा आणला, कात्री आणली, काही न बोलता त्यांचा हात उन्हात धरला आणि पट्टी कापली. अंगठ्याच्या एका बाजूला दोन भोकं, दुसऱ्या बाजूला एक. आंधळ्यालाही कळलं असतं.

"तारेला दात असतात का?"

ते हात मागं घ्यायला लागले, मी सोडला नाही.

"विहिरी किती झाल्या?"

"सात."

आता पुढचं मी बँकवाल्यांकडून काढून घेतलं, त्यांच्या दारात उभी राहून, आणि माझा आवाज चार घरं ऐकत होती. मी चारचौघांत बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बाजारात गेल्यावर, कोल्हा परत आला होता. कुंपणापाशी हे एकटेच होते. खिशातली कालची पोळी काढून दिली, आणि त्यानं पोळीसोबत अंगठाही धरला. पाच दिवसांपूर्वीची गोष्ट! त्यावर परवा या दोन शहाण्यांनी, एक विज्ञानाचा मास्तर, एक बँकेचा अधिकारी, चारचाकी काढली आणि विहिरी शोधायला निघाले. पण विहिरी आहेत कुठं? सगळीकडं बोअर. बोअरमध्ये डोकावता येत नाही. पहिली धनगरांची. दुसरी कचऱ्यानं बुजवलेली, ती धरायची नाही असं ठरलं. एकीला लोखंडी जाळी, जाळीतून तोंड अर्धं दिसलं, तर बँकवाल्यांनी निकाल दिला, "चालतं." एक कोरडी होती. कोरड्या विहिरीत तोंड दिसणार कसं? त्यावर म्हणे दोघांची अर्धा तास चर्चा झाली आणि मग बाटलीतलं पाणी ओतलं. असं करत करत सहा झाल्या. सातवी मिळेना, तेव्हा गाडी सरळ वालूरला नेली, तासाभराची वाट, आणि तिथल्या बारवेत, माझ्या माहेरच्या बारवेत, पायऱ्या उतरून यांनी तोंड बघितलं.

"पण सिस्टर," बँकवाले शेवटी म्हणाले, "पाण्यात सरांचंच तोंड दिसलं. मी स्वतः बघितलं." मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. पाच दिवस गेले होते. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत, "उशीर झालाय, पण सुरू करू," एवढंच म्हणाले. सुई द्यायला आलेली सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं कागद बघितला, मग यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, तुमच्या घरात?" म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. माझी मान मात्र वर झाली नाही. जखमेच्या भोवती जी सुई देतात ती फार दुखते, मोठमोठी माणसं ओरडतात. हे ओरडले नाहीत. भिंतीवरचा तक्ता वाचत बसले.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पाच सुया, पहिली, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. तारखा मी भिंतीवर लिहिल्या. पण सुयांच्या आधी जे पाच दिवस गेले ते कुठं लिहू? रोज सकाळी उठल्याबरोबर मी यांच्यापुढं पाण्याचा पेला धरायचे. "प्या." ते प्यायचे आणि मी गळ्याकडं बघत राहायचे, घोट खाली गेला का. दिवसातून दहा वेळा. "तहान नाही," म्हणाले की मी पेला तोंडाला लावूनच धरायचे. एकदा दुपारी त्यांना ठसका लागला. नुसता ठसका, पोहे घशात अडकले होते. मी हातातली परात टाकून दिली आणि रडायला लागले, मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. ते पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "अगं, पोहे आहेत, पोहे." मला वाटायचं, हा माणूस गेला तर मी कुणाशी बोलू? बोलू म्हणजे भांडू. दोन्ही आमच्याकडं एकच होतं.

कॉलनीचं काही बिघडलं नाही. कोल्ह्याचं तोंड बघणं बंद झालं, आता घुबडाचं चाललंय. यांच्या अंगठ्याची हकिकत सगळीकडं झाली. लोक यांना दिसले की, "काय सर, सात विहिरी?" म्हणायचे आणि हसायचे. मला राग यायचा. हसणाऱ्यांत निम्मी तीच होती, ज्यांनी त्याच्यापुढं हात जोडले होते. मी एकाला म्हणालेही, "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, असलं करू नका." हे माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडं जरा वेगळंच बघितलं. तेव्हा मला कळलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई झाली. रिक्षानं घरी यायलो होतो. ऊन चांगलं पडलं होतं, हरभरा काढायला आला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता काळजी करू नका, फक्त काही महिने लक्ष ठेवा. मला इतकं हलकं वाटलं की महिनाभर जे विचारलं नव्हतं ते मी सहज विचारलं. तोवर मी विचारलंच नव्हतं, नुसती झाडत होते.

"मला का नाही सांगितलं हो? घरात सिस्टर असताना?"

ते बाहेर बघत होते. "चावला तेव्हा पळत घरीच आलो. तू बाजारात होतीस. नळाखाली हात धरून उभा राहिलो, आणि तू आल्यावर काय काय बोलशील ते सगळं ऐकू यायला लागलं. कुणाकुणाला सांगशील, तेही. मग तू आलीस. फाटकापासूनच बोलत आलीस, कशावरून तरी. म्हटलं, तार लागली."

"पण याच्यात माणूस मरतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की. विज्ञान शिकवलंय मी."

"मग त्या विहिरी कशाला केल्या?"

"तिथं कुणी हसलं नाही," म्हणाले. "शेजारी दिवसभर सोबत होते. एकदाही बावळट म्हणाले नाहीत."

हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. बाजारात वांगी कशी आहेत ते सांगावं तसं सांगितलं. पिसाळलेल्या कोल्ह्यापुढं हा माणूस पोळी घेऊन गुडघ्यावर बसला, आणि माझ्यापुढं अंगठा दाखवायला भ्याला. पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, लाजू नका, सांगा. माझ्या घरात ते कुणाला जमलं नाही, आणि ते मीच जमू दिलं नाही. लाज वाटली मला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर जे तोंडावर आलं तेही टोमण्यासारखंच होतं. ते मी गिळलं.

रिक्षा थांबली. ते आधी उतरले, फाटक उघडलं आणि मी आत जाईपर्यंत धरून उभे राहिले.